वरून मोठं विमान गेल्यावरची दोन मिनिटं: क्रूझमधला वेक टर्ब्युलन्स ओळखणं, टाळणं आणि सावरणं

७ जानेवारी २०१७. मालेहून अबुधाबीला निघालेलं चॅलेंजर ६०४ जातीचं एक बिझनेस जेट अरबी समुद्रावर ३४,००० फुटांवर होतं. हद्द मुंबई फ्लाइट इन्फर्मेशन रीजनची, म्हणजे मुंबईहून हवाई सेवा मिळणाऱ्या आकाशाची, मार्ग एल-८९४. समोरून, एक हजार फूट वरून, दुबईहून सिडनीला चाललेलं एअरबस ए-३८० आलं आणि निघून गेलं. दोघांमधलं अंतर नियमाप्रमाणे होतं. त्यानंतर ४७ सेकंदांनी चॅलेंजर किंचित कलू लागलं. चालू असलेल्या ऑटोपायलटने आयलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेची कल सावरणारी फळी, उलट दिशेला दिलं, तरी दहाएक सेकंद विमान चार ते सहा अंश उजवीकडे कललेलंच राहिलं. मग एका सेकंदात हा कल ४२ अंशांवर गेला. लगेच पुढच्या सेकंदाला उभा भार उणे ३.२ जी झाला, म्हणजे जे जे बांधलेलं नव्हतं ते छताकडे उडालं.

विमान सुमारे ८,७०० फूट खाली आल्यावर वैमानिकांना ते सावरता आलं. स्थिती दाखवणाऱ्या यंत्रणेने मध्येच दगा दिला होता. आकाश निळं, समुद्रही निळाच, त्यामुळे वर काय आणि खाली काय हे कॅप्टनने ढगांवरून ताडलं. डावं इंजिन बंद करून पुन्हा सुरू करावं लागलं. बिघाडात काय करायचं ते सांगणाऱ्या क्विक रेफरन्स हँडबुकची पानं कॉकपिटभर विखुरली होती. विमान मस्कतला सुखरूप उतरलं, पण केबिनमधले काही जण जखमी झाले आणि ते विमान पुन्हा कधी उडालं नाही.

हा लेख मुख्यतः नव्याने उजव्या सीटवर बसू लागलेल्या फर्स्ट ऑफिसरसाठी आणि कमर्शियल लायसन्सचा अभ्यास करणाऱ्यांसाठी आहे. प्रवाशांना कामी येईल असंही त्यात थोडं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की एक हजार फुटांचं अंतर टक्कर होऊ नये म्हणून ठेवलेलं असतं. वरच्या विमानाने मागे सोडलेला हवेचा भोवरा, म्हणजेच वेक टर्ब्युलन्स, आपल्यापर्यंत पोहोचू नये, हे काम त्या अंतरावर कोणी सोपवलेलं नाही. ते काम कॉकपिटमध्ये बसलेल्यांचं आहे, आणि ते करायला हातात दोन-तीन मिनिटं असतात. ही मिनिटं कशी वापरायची ते आता क्रमाने पाहू. तुमच्या कंपनीचं आणि विमानाचं मॅन्युअल याहून वेगळं काही सांगत असेल, तर अर्थातच मॅन्युअलचं ऐका. खाली जिथे मैल म्हटलं आहे तिथे नॉटिकल मैल समजावेत.

पहिली पायरी: भोवरा कुठे असतो हे डोक्यात पक्कं करा

पंखाखाली दाब जास्त, पंखावर कमी. पंखाच्या टोकाशी खालची हवा वर वळते आणि मागे दोन भोवरे सुटत जातात, एकमेकांच्या उलट फिरणारे. त्यांच्यामधली हवा खाली ढकलली जाते, बाहेरच्या अंगाची वर उचलली जाते. विमान जड असेल, सावकाश जात असेल, तर भोवरा जोरकस. क्रूझमध्ये, म्हणजे चढाई संपल्यावर एका उंचीवर सरळ उडताना, वेग भरपूर असतो हे खरं, पण हवा विरळ असते आणि वजन अजून शेकडो टनांत असतं.

आकारांची तुलना करून पाहा. ए-३८०च्या पंखांचा पसारा जवळपास ८० मीटर. त्याचे दोन भोवरे एकमेकांपासून साधारण पसाऱ्याच्या पाऊणपट, म्हणजे साठेक मीटरवर स्थिरावतात. चॅलेंजर ६०४चा पसारा २० मीटरच्या आत. म्हणजे ते संपूर्ण विमान एकाच भोवऱ्यात मावतं. अशा वेळी दोन्ही पंखांवर उलटसुलट बळ येतं आणि आयलेरॉन पूर्ण दिलं तरी ते पुरत नाही. ए-३२०सारख्या ३५ मीटरच्या विमानाला थोडी जास्त सवलत मिळते, पण ती सुटका नव्हे.

आता खालची दोन वाक्यं पाठ करा. क्रूझमधले भोवरे मिनिटाला साधारण ४०० फूट खाली उतरतात आणि दोन-तीन मिनिटं टिकतात. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने, ईएएसएने, २०१७च्या जूनमध्ये काढलेल्या सूचनापत्रात म्हटलं आहे की क्रूझमध्ये भोवरा २५ मैल मागेपर्यंत गाठू शकतो, आणि जोरदार धक्क्यांच्या नोंदी १५ मैलांच्या आतल्या असतात.

एक हजार फूट उतरायला अडीच मिनिटं लागत असतील, तर तोवर भोवरा विरत आलेला असेल, असं वाटणं साहजिक आहे. बहुतेक वेळा होतंही तसंच, म्हणूनच रोज हजारो विमानं एकमेकांखालून जातात आणि कॉफीसुद्धा हलत नाही. पण फार जड विमानाचा भोवरा सुरुवातीला जास्त वेगाने उतरतो. हवा शांत आणि स्थिर असेल तर तो उशिरा फुटतो. शांत हवेत आपण निर्धास्त होतो आणि नेमकी तीच हवा भोवऱ्याला जपते.

दुसरी पायरी: कोणत्या बाजूने येतोय, त्यावरून वेळ काढा

आपल्याकडच्या नियमाप्रमाणे पूर्वेकडे जाणारी विमानं विषम हजार फुटांच्या पातळ्यांवर, पश्चिमेकडे जाणारी सम हजारांच्या पातळ्यांवर. म्हणून बरोबर एक हजार फूट वरचं विमान बहुधा समोरून येणारं असतं. २९,००० ते ४१,००० फुटांदरम्यान हे अंतर पूर्वी दोन हजार फूट होतं. आपल्या भागात नोव्हेंबर २००३मध्ये ते एक हजारावर आलं. जास्त विमानं मावू लागली, इंधन वाचू लागलं आणि भोवऱ्याची वाट निम्मी झाली.

समोरून येणाऱ्या विमानाचं गणित सोपं आहे आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. दोघांचाही वेग मिनिटाला आठ मैल धरा. ते डोक्यावरून गेल्यावर ‘ट’ सेकंदांनी तुम्ही ज्या जागी पोहोचता, तिथे ते विमान ‘ट’च्या दुप्पट सेकंदांपूर्वी होतं. म्हणजे तुम्हाला भेटणारा भोवरा घड्याळातल्या सेकंदांच्या दुप्पट जुना असतो. अरबी समुद्रावरच्या घटनेला हे लावून बघा. पहिली चाहूल ४७ सेकंदांनी, म्हणजे भोवऱ्याचं वय दीड मिनिटाच्या आसपास. मोठा हिसका ५६ सेकंदांनी, म्हणजे वय पावणेदोन-दोन मिनिटांच्या मध्ये. तेवढ्यात तो हजार फूट उतरला होता. मिनिटाला चारशेच्या सर्वसाधारण आकड्याहून हे बरंच जास्त आहे.

यातून कामाचा नियम निघतो: समोरून येणारं जड विमान डोक्यावरून गेल्यावर ४० व्या सेकंदापासून ९० व्या सेकंदापर्यंत सावध राहा. विमान गेलं, संपलं, असं म्हणून मान खाली घालायची ही वेळ नाही.

त्याच दिशेने जाणारं विमान वर आणि पुढे असेल तर गणित वेगळं. भोवऱ्याचं वय म्हणजे अंतर भागिले आठ. सोळा मैल पुढे असेल तर दोन मिनिटं. इथली अडचण अशी की दोघांचा वेग सारखा असल्यामुळे ती जागा सुटत नाही. एकदा भोवऱ्याखाली आलात की काहीतरी बदलल्याशिवाय तिथेच राहता.

आडवं ओलांडणारं विमान असेल तर एक-दोन जोरदार गचके बसतात आणि संपतं. चौथा प्रकार मात्र लक्षात ठेवा: पुढचं विमान तुमच्या पातळीतून वर चढत किंवा खाली उतरत असेल, अथवा तुम्ही त्याने नुकत्याच सोडलेल्या हवेत चढत असाल. इथे हजार फुटांचाही आधार नसतो. १० जानेवारी २००८ला व्हिक्टोरियाहून टोरांटोला निघालेलं एअर कॅनडाचं ए-३१९ छत्तीस हजारांवरून सदतीस हजारांवर चढत होतं. पुढे दहा-अकरा मैलांवर ७४७ होतं. ए-३१९ दोन्ही बाजूंना झोकांड्या खात ५५ अंशांपर्यंत कललं, काही जण जखमी झाले आणि विमान कॅलगरीला उतरवावं लागलं.

तिसरी पायरी: आधीच हेरा

टीकॅसच्या, म्हणजे टक्कर टाळण्यासाठी आसपासची विमानं दाखवणाऱ्या यंत्रणेच्या, पडद्यावर ३०-४० मैलांवर ‘+१०’, म्हणजे हजार फूट वर, असं लिहिलेलं चिन्ह दिसलं की समोरासमोरच्या वेगाने तुमच्या हातात दोन ते अडीच मिनिटं आहेत. टीकॅस विमानाची जात सांगत नाही. ती रेडिओवरून कळते. १३६ टन किंवा जास्त कमाल वजनाची विमानं पहिल्या संपर्कात नावापुढे ‘हेवी’ म्हणतात आणि ए-३८० ‘सुपर’. कान त्यासाठी उघडे ठेवा. समुद्रावर लांब पल्ल्याच्या एचएफ रेडिओवर किंवा डेटालिंकच्या लेखी संदेशांवर काम चालतं तेव्हा हेही ऐकू येत नाही. तिथे १२३.४५ मेगाहर्ट्झवर वैमानिक आपसांत बोलतात. सरळ विचारा की तुम्ही कोणत्या जातीचे आहात. त्यात संकोच कसला?

दिवसा बाहेर बघा. कॉन्ट्रेल पडत असतील तर निसर्गाने भोवरा रंगवूनच दिला आहे. ती पांढरी रेघ वरच्या पातळीवर थांबली आहे की खाली येते आहे, वाऱ्याने कुठल्या बाजूला सरकते आहे, ते दिसतं. पण कॉन्ट्रेल नाही म्हणजे भोवरा नाही, असा अर्थ काढू नका. कोरड्या हवेत रेघ उमटतच नाही.

चौथी पायरी: वारा मोजा, मग बाजूला व्हा

भाऊच्या धक्क्यावरून सुटलेल्या लाँचमागची लाट जशी प्रवाहाबरोबर वाहत जाते, तसा भोवरा हवेबरोबर वाहतो. आडव्या वाऱ्याचा वेग ३० नॉट, म्हणजे तासाला ३० मैल, असेल तर भोवरा मिनिटाला अर्धा मैल सरकतो. दोन मिनिटांत एक मैल. याचा अर्थ असा की जोरदार आडव्या वाऱ्यात बरोबर डोक्यावरून गेलेल्या विमानाचा भोवरा तुमच्यापर्यंत येईतो बाजूला गेलेला असतो. त्या परिस्थितीत काळजी करायची ती वारा जिकडून येतो त्या अंगाला एक-दोन मैल बाजूने जाणाऱ्या विमानाची. उलट, वारा थेट समोरून किंवा मागून असेल, तर जीपीएसच्या अचूकतेने एकाच रेषेवरून उडणारी दोन विमानं एकमेकांच्या बरोबर खाली-वर येतात आणि भोवरा नेमका खाली उतरतो. पूर्वी नेव्हिगेशनमध्ये थोडी चूक असायची, त्यामुळे विमानं आपोआप इकडेतिकडे व्हायची. आताची अचूकता इथे आपल्या विरोधात जाते.

म्हणून ‘स्लॉप’ नावाची पद्धत आहे, स्ट्रॅटेजिक लॅटरल ऑफसेट. सागरी आणि दुर्गम हद्दींमध्ये, जिथे ती प्रसिद्ध केलेली आहे तिथे, मार्गाच्या मध्यरेषेपासून उजवीकडे दोन मैलांपर्यंत सरकून उडता येतं. भारतात मुंबई, चेन्नई आणि कोलकात्याच्या सागरी हद्दींसाठी तशी तरतूद आहे. तिथे वेगळी परवानगी मागावी लागत नाही, मात्र विमानाला ऑफसेट आपोआप पाळता यायला हवा. निघण्यापूर्वी त्या मार्गाची चालू माहिती एआयपीमध्ये, म्हणजे देशाच्या अधिकृत हवाई माहिती पुस्तिकेत, बघून घ्या, किती मैल आणि कुठून कुठपर्यंत ते तिथे असतं.

एक मेख आहे, ती फारशी शिकवली जात नाही. ऑफसेट वारा जिकडून येतो तिकडे घेतला तर फायदा जास्त, कारण भोवरा तुमच्यापासून दूर वाहतो. पण स्लॉप फक्त उजवीकडे. वारा डावीकडून असेल तर उजवीकडे सरकणं म्हणजे भोवरा जिकडे वाहत येणार तिकडेच जाऊन थांबणं. म्हणून आकडा काढा. डावीकडून ३० नॉट आहे, तर मध्यरेषेवर टाकलेला भोवरा दोन मिनिटांत उजवीकडे एक मैलावर असेल. तिथे एक मैलाचा ऑफसेट घेण्यात शहाणपण नाही. दोन मैल घ्या, नाहीतर मध्यरेषेवरच राहा. आणि समोरचाही ऑफसेटवर असेल हे गृहीत धरा. तो त्याच्या उजवीकडे, म्हणजे तुमच्या डावीकडे असतो.

जमिनीवरच्या रडारच्या हद्दीत मनाने सरकायचं नाही, कंट्रोलरला मागा. वेक टर्ब्युलन्समुळे उजवीकडे किंवा डावीकडे इतके मैल ऑफसेट हवा, एवढं म्हटलं की पुरतं. पातळी बदलून मागता येते, त्याच दिशेच्या विमानामागे असाल तर वेग थोडा कमी करता येतो. क्रूझमध्ये हजार फुटांच्या फरकावर भोवऱ्यासाठी वेगळं अंतर ठेवण्याचं बंधन कंट्रोलरवर नसतं. त्याने सूचना दिली नाही म्हणजे धोका नाही, असं नाही.

पाचवी पायरी: पट्टे

ऑफसेट शक्य नाही, वारा प्रतिकूल, वर ‘सुपर’. सीटबेल्टचं चिन्ह लावा आणि केबिन क्रूलाही बसायला सांगा. बाहेर लख्ख ऊन आहे, एक ढग नाही, मग प्रवासी काय म्हणतील, हा विचार मनात येतो. येऊ द्या, पण चिन्ह लावाच. दोन मिनिटांनी काढता येतं. अशा घटनांत दुखापत होते ती उभ्या असलेल्यांना आणि पट्टा न लावलेल्यांना. ट्रॉलीमागे उभी असलेली क्रू मेंबर सगळ्यात उघड्यावर असते आणि तिच्यासमोरची ट्रॉलीसुद्धा.

प्रवाशांना सांगायचं ते थोडकं आहे. बसलेले असाल तोवर पट्टा लावलेलाच ठेवा, कमरेवर, सैल नको. निरभ्र आकाशात अचानक दोन-तीन गचके बसले, विमान एका बाजूला कललं आणि काही सेकंदांत पुन्हा सगळं शांत झालं, तर तो बहुधा दुसऱ्या विमानाचा भोवरा होता. ढगांतला किंवा जेटस्ट्रीममधला टर्ब्युलन्स इतका चटकन संपत नाही.

सहावी पायरी: सापडलात तर हात हलके, पाय स्थिर

भोवऱ्याच्या कडेला शिरताना त्या बाजूचा पंख आधी वर उचलला जातो आणि विमान भोवऱ्यापासून दूर कलतं. वैमानिकाची उपजत प्रतिक्रिया म्हणजे जोरात उलट आयलेरॉन. त्याने विमान पुन्हा भोवऱ्यात ढकललं जातं. गाभा ओलांडताच भोवऱ्याचं बळ उलटतं, आणि आता तुम्ही दिलेलं आयलेरॉन त्याच दिशेने त्याला मदत करतं. पहिला कल लहान होता, दुसरा भयंकर होतो. दुसऱ्यात तुमच्या हाताचाही वाटा असतो.

म्हणून ऑटोपायलट चालू असेल तर चालू राहू द्या, स्वतः काढू नका. तो सुटला किंवा हाताने उडवत असाल, तर क्षणभर थांबा, विमानाला भोवऱ्याबाहेर फेकलं जाऊ द्या, मग गरजेपुरत्या आयलेरॉनने पंख सपाट करा. मूळ उंचीला चिकटून राहण्याचा हट्ट नको. शे-दोनशे फूट गेले तर जाऊ देत.

आणि रडर, म्हणजे शेपटीवरचं पायाच्या पेडलांनी चालणारं सुकाणू, नको. हे मी पुन्हा लिहितो, कारण यावर माणसं मेली आहेत: रडर नको. १२ नोव्हेंबर २००१ला न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावरून निघालेलं अमेरिकन एअरलाइन्सचं फ्लाइट ५८७, एअरबस ए-३००, चढत असताना पुढच्या ७४७च्या भोवऱ्यात शिरलं. भोवरा साधाच होता. को-पायलटने रडरचे पेडल पूर्ण एका बाजूला, लगेच पूर्ण दुसऱ्या बाजूला, असे काही सेकंदांत वारंवार दाबले. शेपटीचा उभा पंख तुटून पडला. विमानातले २६० आणि जमिनीवरचे पाच जण गेले. ही घटना क्रूझमधली नाही, पण हा धडा सगळ्या उंचींना लागू आहे. एअर कॅनडाच्या ए-३१९मध्येही पेडलचा वापर झाला आणि शेपटीवरचा भार आखून दिलेल्या मर्यादेपलीकडे गेला. तिथे शेपूट टिकली.

पुष्कळ जणांचा समज असतो की ठरावीक मॅन्युव्हरिंग स्पीडच्या खाली काहीही केलं तरी विमान मोडत नाही. ती हमी एका दिशेच्या, एकदाच दिलेल्या पूर्ण कंट्रोलची आहे. उलटसुलट रडरची हमी कोणीच दिलेली नाही.

विमान खरोखरच उलटं झालं किंवा नाक खाली गेलं तर तो वेक टर्ब्युलन्स राहत नाही, अपसेट होतो, म्हणजे विमान उडण्याच्या नेहमीच्या स्थितीबाहेर जातं. मग अपसेट रिकव्हरीचा क्रम: ऑटोपायलट आणि ऑटोथ्रस्ट काढा, कंट्रोल पुढे देऊन पंखांवरचा भार उतरवा, जवळच्या बाजूने पंख सपाट करा, गरजेप्रमाणे थ्रस्ट, म्हणजे इंजिनांचा जोर, आणि शेवटी नाक हळूहळू वर. घाईने ओढलंत तर उंचावरच्या विरळ हवेत स्टॉल, म्हणजे पंखांची उचल हरपणं, दूर नसतं. एक जण उडवतो, दुसरा वेग, उंची आणि कल मोठ्याने सांगत राहतो. दोन्ही बाजूंचे आणि स्टँडबाय असे तिन्ही डिस्प्ले ताडून बघा, कारण यंत्रणा चुकीची स्थिती दाखवू शकते.

सातवी पायरी: सावरल्यावर

आधी केबिनला विचारा: कोणी जखमी? किती? डोक्याला मार? मग इंजिनांचे आकडे, हायड्रॉलिक्स, कंट्रोलची प्रतिक्रिया. भार जास्त आला असण्याची शंका असेल तर वेग बेताचा ठेवा आणि जवळचा योग्य विमानतळ विचारात घ्या. उतरल्यावर टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत, नोंद न करता विमान पुढच्या क्रूच्या हवाली करायचं नाही. डोळ्यांना न दिसणारं नुकसान तपासणीशिवाय कळत नाही.

कंट्रोलरला लगेच कळवा. तुमच्यामागून त्याच मार्गावर दुसरं कोणी येत असतं. नंतरच्या अहवालात वेळ, जागा, पातळी, वारा, ऑफसेट होता की नव्हता, ऑटोपायलटची स्थिती, किती अंश कललं, किती फूट गेलं-आलं, आणि दुसऱ्या विमानाची जात, दिशा आणि अंतर हे सगळं लिहा. सौम्य गचका असला तरी लिहा. क्रूझमधल्या घटना अचानक होतात, सेकंदांत संपतात आणि साधा टर्ब्युलन्स म्हणून विसरल्या जातात. गंभीर दुखापत किंवा नुकसान असेल तर प्रकरण हवाई वाहतुकीची नियामक संस्था डीजीसीए आणि विमान अपघात अन्वेषण ब्युरोकडे जातं. तेव्हा कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डर लागतो. अनेक विमानांवर तो शेवटचे दोनच तास जपतो, म्हणून उतरून थांबल्यावर कंपनीच्या पद्धतीप्रमाणे त्याचा सर्किट ब्रेकर ओढा आणि ओढल्याची नोंद लॉगमध्ये करा.